मदत, श्रद्धा आणि विश्वास : केडगावच्या मुक्ती मंडळीची सुरुवात

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या प्रसंगी आमच्याकडून आकड्यांची अपेक्षा असते, आणि ती योग्यच आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमचे आयुष्य खतावणी आणि ताळेबंद यांच्या संगतीत गेले. यंदाचा जमाखर्च, खाटांचा वापर आणि निर्धन रुग्ण निधीचा हिशोब हे सर्व लेखापरीक्षकांनी तपासून अहवालाच्या पुढील पानांवर दिलेले आहे. ते आपण सवडीने पाहावे, अशी विनंती करून आज एका वेगळ्या विषयावर चार शब्द बोलण्याची परवानगी घेतो. विषय आहे एका खेड्यातील ख्रिस्ती मंडळीच्या स्थापनेचा. रुग्णालयाच्या व्यासपीठावर हा विषय का, याचा खुलासा प्रथम करणे आमचे कर्तव्य आहे.

गेल्या पावसाळ्यात दौंड तालुक्यातून एक वृद्ध शेतमजूर बाई आपल्या नातीला घेऊन आपल्याकडे आल्या. मुलीचे आईवडील हयात नव्हते. शस्त्रक्रिया तातडीची होती. पिवळी शिधापत्रिका पाहून आमच्या समाजसेविकेने त्यांना सांगितले की, सर्व उपचार निर्धन रुग्ण निधीतून होतील, एक पैसाही भरावा लागणार नाही. बाईंनी ते दोनदा ऐकून घेतले. मग त्या आमच्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, पैसं घेत न्हाई म्हणता. मग बदल्यात काय करायचं आम्ही?"

आम्ही हसलो आणि "काही नाही, आजी" असे म्हणालो. आजी हसल्या नाहीत. संमतिपत्रावर त्यांनी अंगठा उठवला तो दुसऱ्या दिवशी दुपारी. मुलगी ईश्वरकृपेने बरी झाली. परंतु गेलेल्या त्या रात्रीपायी तिला चार दिवस अधिक खाटेवर काढावे लागले. घरी सोडताना आम्ही गावाची चौकशी केली. आजी म्हणाल्या, "केडगावच्या अलीकडं. रमाबाईच्या मुक्तीपाशी."

तो प्रश्न आमच्या मनातून जाईना. पुढे एका रविवारी आम्ही दौंडकडे जाणारी गाडी पकडली. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव ही स्थानके मागे टाकीत केडगावला उतरलो. दुतर्फा ऊस, मधूनच एखादे गुऱ्हाळ आणि हवेत रसाचा वास. आज पाण्याने समृद्ध दिसणाऱ्या याच मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळातून वाचलेल्या मुलींची एक मंडळी उभी राहिली. त्या मंडळीच्या जन्मकथेत आजींचा प्रश्न आरंभापासून आहे, असे आम्हांस वाटते.

पंडिता रमाबाईंचे नाव पुणेकरांना नवे नाही. २३ एप्रिल १८५८ रोजी जन्मलेल्या या विदुषीने आपले आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांत गमावले. भूक म्हणजे काय, हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. भावासह पायी भारतभ्रमण करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत पांडित्याचा गौरव करून 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि अवघ्या दोन वर्षांत वैधव्य, असे सर्व भोगून १८८२ मध्ये त्या पुण्यात आल्या. त्याच वर्षी त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आपल्या देशातील स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात, असे त्यांनी तेथे ठामपणे सांगितले. रुग्णालयात काम करणाऱ्या आम्हा सर्वांवर हे त्यांचे ऋण आहे. १८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियात वैद्यकीय पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या.

तत्पूर्वी १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. अमेरिकेत त्यांच्या कार्यासाठी एक साहाय्यक संस्था स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. उच्चवर्णीय बालविधवांना शिक्षण आणि आसरा देणारी ही संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, असे आरंभीच जाहीर केलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळावर होती, ती या शब्दावर विश्वास ठेवूनच. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे याच सदनात शिकल्या.

यानंतर जे घडले ते प्रत्येक विश्वस्ताने लक्षात ठेवण्याजोगे आहे. सदनात धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही मुली येऊन बसू लागल्या, आणि त्यांतील काहींचा कल नव्या धर्माकडे झुकला. पुण्यात गदारोळ उठला. 'केसरी'ने कडाडून टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे आम्ही कोणाचीही वकिली करणार नाही. मी कोणाला बोलावले नाही, मग माझ्या देवाची प्रार्थना मी दार लावून का करावी, हा रमाबाईंचा प्रश्न खोटा नव्हता. जिने माया लावली तिचे अनुकरण लहान मुलगी करणारच, मग तटस्थतेच्या आश्वासनाचे काय झाले, हा टीकाकारांचा प्रश्नही खोटा नव्हता. शब्दाचा अर्थ एका बाजूने एक समजला गेला, दुसऱ्या बाजूने दुसरा. संस्थेच्या कामकाजात पैशाचा तोटा एखाद्या वर्षात भरून निघतो. असा तोटा भरून निघण्यास फार काळ जातो.

सदन बंद पडले नाही. तथापि अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे कधीतरी संपणार होती. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, या हेतूने रमाबाईंनी केडगाव येथे रेल्वेमार्गाजवळ सुमारे शंभर एकर जमीन घेतली. मूळ बेत फळबागेचा होता. विहिरी खणाव्यात, झाडे लावावीत आणि उत्पन्नावर सदन चालवावे, इतकाच. त्या माळावर एक मोठी ख्रिस्ती मंडळी उभी राहील, अशी योजना आरंभी कोणत्याही कागदावर नव्हती.

ती उभी केली दुष्काळाने आणि प्लेगने. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. स्वतःच्या आईवडिलांचा अंत पाहिलेल्या रमाबाई तिकडे गेल्या आणि शेकडो मुली व तरुण विधवांना घेऊन आल्या. यापूर्वी सदनाचे दार मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते. आता जात न विचारता जी जगण्याच्या काठावर होती तिला आणले गेले. त्याच सुमारास पुण्यात प्लेग पसरला. ज्या वर्षी सावित्रीबाई फुले यांना रुग्णांची सेवा करताना १० मार्च रोजी मृत्यू आला, तेच हे १८९७ साल. शहरात नव्या मुली ठेवण्यास सरकारी मनाई झाली, तेव्हा रमाबाईंनी त्यांना केडगावच्या माळावर नेले. पक्क्या इमारती नव्हत्या. गवताने शाकारलेल्या झोपड्या आणि तात्पुरत्या छपरांखाली पहिले दिवस गेले.

रुग्णालयाच्या लोकांनी आणखी एक गोष्ट आवर्जून ध्यानात घ्यावी. त्या साथीत रमाबाईंच्या आश्रयाखालील एका मुलीला प्लेगच्या रुग्णालयात पाठवावे लागले आणि ती त्यांच्याकडे परत आली नाही. तेथे स्त्रियांच्या सुरक्षिततेची हेळसांड होत असल्याचे रमाबाईंनी १८९७ च्या मे महिन्यात वृत्तपत्रातून उघडपणे लिहिले. ब्रिटनच्या पार्लमेंटपर्यंत त्याचे पडसाद उमटले. रुग्णालयाच्या दाराशी गरीब माणूस का थबकतो, याचे उत्तर त्या काळच्या कागदपत्रांतही सापडते.

केडगावला आलेल्या मुलींपैकी कित्येकींनी १८९७ च्या अखेरीस बाप्तिस्मा घेतला. १८९८ मध्ये नव्या वसाहतीस 'मुक्ती' हे नाव मिळाले आणि १८९९ मध्ये चर्चची पायाभरणी झाली. शारदा सदनाचा धर्मविषयक नियम पूर्वीचाच राहिला. मुक्ती सदन मात्र उघडपणे ख्रिस्ती संस्था म्हणून चालले. पुण्यातील अनुभवातून रमाबाई हे शिकल्या असाव्यात, असे आम्हांस वाटते. आपण कोण आहोत आणि काय मानतो, ते दारावरच लिहिलेले बरे.

मराठीत ख्रिस्ती बांधव चर्चच्या सभासद-समुदायाला 'मंडळी' म्हणतात, आणि आपण सारेच 'घरची मंडळी' असेही म्हणतो. केडगावात हे दोन्ही अर्थ एकच झाले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) भागात अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केले होते आणि तेथील खेड्यांतून अनेक मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या. तेथे परदेशी मिशनरी, त्यांचे देशी सहकारी आणि गावातील कुटुंबे असा क्रम असे. केडगावची घडण निराळी. संस्थापक एक मराठी बाई, शिक्षिका आणि देखरेख करणाऱ्या बहुतेक शारदा सदनातून तयार झालेल्या स्त्रिया, आणि सभासद म्हणजे कुटुंब गमावलेल्या मुली. कोणत्याही एका पंथाची पाटी त्या चर्चवर लागली नाही. मिस मिनी एब्राम्स यांच्यासारख्या परदेशी सहकारी आल्या, परंतु सूत्रे रमाबाईंच्याच हाती राहिली.

आता आमच्या आवडीचा विषय, पैशाचा. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॉर्ज म्युलर यांनी अनाथाश्रम चालवला होता. कोणापुढे हात न पसरता, प्रार्थना करावी आणि येईल त्यात भागवावे, ही त्यांची रीत. रमाबाईंवर तिचा मोठा प्रभाव होता. आमच्यासारख्या माणसाला ही कल्पनाच घाम फोडते. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेथूनही मुली आल्या, आणि मुक्तीतील संख्या दीड हजारांवर गेली. इतक्या माणसांचे दोन वेळचे जेवण अंदाजपत्रकाशिवाय कसे चालले असेल, याचा हिशोब आम्ही गाडीत बसून मनाशी मांडून पाहिला. तो जुळला नाही.

पण काही हिशोब असा होता की, तो आम्हांसही कळतो. मुक्तीत रिकामा हात नव्हता. शेती, गोठा, विणकाम, शिवणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रिया शिकल्या आणि करू लागल्या. दृष्टिहीन स्त्रियांसाठी वेगळी व्यवस्था झाली; त्या ब्रेल लिपी आणि टोपल्या विणणे शिकल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी 'कृपा सदन' उघडले. ज्यांना समाजाने खर्चाच्या बाजूला मांडले होते, त्यांचे नाव तेथे जमेच्या बाजूला आले.

१९०५ साली या मंडळीत मोठी आध्यात्मिक जागृती झाली. त्या वर्षाच्या आरंभापासून स्त्रिया गटागटाने प्रार्थनेस जमू लागल्या होत्या. जूनच्या अखेरीस शेकडो जणी एकाच वेळी, मोठ्याने, रडत, गात प्रार्थना करू लागल्या. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट पसंत पडला नाही. भारतीय स्त्रियांनी आपल्या स्वभावाप्रमाणे देवाला हाक मारली तर तिला पाश्चात्य शिस्तीचा लगाम घालू नये, अशी रमाबाईंची भूमिका होती. त्यानंतर मुलींचे जथे आसपासच्या गावांत जाऊ लागले. एब्राम्सबाईंनी या घटनेवर लिहिलेली पुस्तिका दक्षिण अमेरिकेतील चिली देशात पोहोचली आणि १९०९ मध्ये तेथे झालेल्या जागृतीस ती कारणीभूत ठरली. दौंड तालुक्यातील एका खेड्याचे नाव त्या काळी सातासमुद्रापार अशा रीतीने गेले.

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराला दिली. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतात पारंगत असूनही, शेतात राबणाऱ्या बाईला कळेल अशी मराठी लिहिण्याचा त्यांचा कटाक्ष होता. खिळे जुळवणे, छपाई ही कामे मुक्तीतील स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. संपूर्ण बायबल त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले. मुक्ती मिशन आजही केडगावात निराधार स्त्रिया व मुलांसाठी कार्यरत आहे.

आता आजींच्या प्रश्नाकडे परत येतो. दुष्काळातून आलेल्या त्या मुलींना बदल्यात काय द्यावे लागले? रमाबाईंनी सक्तीचा आरोप नाकारला. ज्या स्त्रीने सर्व गमावून स्वतःच्या विचाराने धर्म निवडला, तिला दुसऱ्यावर सक्ती मानवली असती असे आम्हांस वाटत नाही. तरीही भुकेने अर्धमेल्या झालेल्या बारा वर्षांच्या मुलीचा होकार कितपत मोकळा असतो, हा प्रश्न उरतो. त्यांपैकी पुष्कळजणी शिकल्या, शिक्षिका झाल्या, दुसऱ्यांना सांभाळू लागल्या, हे खरे. आणि नाही म्हणून जायला त्यांच्यापुढे दुसरे दार नव्हते, हेही खरे. ही दोन्ही सत्ये एकाच वहीत, समोरासमोर लिहून ठेवावीत. एकातून दुसरे वजा करू नये, असे आमचे नम्र मत आहे.

कारण हाच प्रश्न आपल्या रुग्णालयातही आहे. येथे धर्माचा प्रश्न येत नाही. मात्र रात्री दोन वाजता अंगठा उठवणाऱ्या नातेवाईकाचा होकार तरी कितपत मोकळा असतो? त्याच्यापुढेही दुसरे दार नसते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या आदेशानुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवावयाच्या असतात. त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निधीत जमा होते. हा रुग्णाचा हक्क आहे. आजींना आम्ही तो उपकाराच्या स्वरात सांगितला. म्हणून त्यांनी उपकाराची किंमत विचारली. चूक आजींची नव्हती.

या अनुभवानंतर विश्वस्तांच्या संमतीने आम्ही तीन साधे बदल केले. नोंदणी खिडकीपाशी मोठ्या अक्षरांत फलक लावला : मोफत उपचार कोणाला, कोणत्या कागदांवर, आणि त्यासाठी रुग्णाकडून काहीही अपेक्षित नाही. दुसरे, संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी समाजसेविका नातेवाईकांजवळ बसून त्यांच्या बोलीत सर्व समजावते आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत उठत नाही. तिसरे, मोफत उपचार घेणाऱ्या रुग्णाचे देणगीदारांसोबत छायाचित्र काढण्याची प्रथा आम्ही बंद केली. आतापर्यंत आम्ही रुग्णाला विचारूनच छायाचित्र काढत होतो आणि कोणी कधी नाही म्हटले नव्हते. कोणी कधीच नाही म्हटले नाही, याचाच आम्ही आता निराळा अर्थ लावतो.

या तिसऱ्या बदलामुळे काही देणगीदार नाराज झाले. आपला पैसा कोणाच्या उपयोगी पडला हे पाहण्याची इच्छा स्वाभाविक आहे, ते आम्ही जाणतो. एका सद्गृहस्थांनी पुढील वर्षाची देणगी तूर्त थांबवल्याचे कळवले आहे. निधीच्या दृष्टीने ती रक्कम लहान नाही, आणि ती भरून काढण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. त्यांना आम्ही लिहिले आहे की, प्रत्येक रुपयाचा खर्च दाखवणारा तक्ता त्यांना घरपोच मिळेल आणि ते केव्हाही येऊन वह्या पाहू शकतात. फक्त रुग्णाचा चेहरा आम्ही देऊ शकणार नाही. आपणां सर्वांपुढे हे आज मुद्दाम सांगत आहोत. आपण काय करतो आणि काय करत नाही, ते दारावरच लिहिलेले असावे, हे केडगावने आम्हांस शिकवले.

त्या रविवारी आम्ही केडगावात थोडा वेळ थांबलो. दुपारच्या गाडीने परतताना आजींचे गाव कोणत्या बाजूस असेल, याचा अंदाज घेत खिडकीतून पाहत होतो. उसामागे ते दिसले नाही. त्यांची नात पुढील तपासणीसाठी वेळेवर येते, एवढी नोंद मात्र आमच्याकडे आहे.

विश्वस्त मंडळाने दिलेली मोकळीक, डॉक्टर, परिचारिका व सेवकवर्ग यांचे अविश्रांत श्रम आणि आपणां सर्व देणगीदारांचा उदार हात यांच्या बळावर हे रुग्णालय उभे आहे.